नछत्तर सिंगचा डबा

चंदीगड
९ जानेवारी १९८८

प्रिय जयंत,

तीन दिवस धुक्यानं लेहची विमानं अडवून धरली आणि काल तुझी तीन पत्रं एकदम हातात पडली. शेकायच्या बुखारीच्या धुरानं डोळे चुरचुरतात, पण बाकी प्रकृती उत्तम आहे हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक आहोत. साताऱ्याहून आईंचं पत्र आलं, त्यांचा गुडघा आता बरा आहे. मिनूला पहिलीच्या परीक्षेत इंग्रजीत चांगले मार्क मिळाले. मराठी मात्र ती कानानं ऐकते आणि तोंडानं हिंदीत उत्तर देते. ते तू आलास की तूच बघ.

आता तुझ्या लाडक्या कपड्यांच्या ड्रायरबद्दल. तो तापत नाही. गेले दहा दिवस तापत नाही, आणि 'फ्यूज बघितलास का', 'जाळी साफ केलीस का', 'नीट बघितलंस का' हे प्रश्न तू तीन पत्रांत मिळून आठ वेळा विचारले आहेस. फ्यूज बघितला, जाळी साफ केली. त्या जाळीतून निघालेल्या लोकरीच्या भुशात एक उशी भरली असती. तुझं इंग्रजी माहितीपत्रकही वाचलं. त्यात लिहिलंय की जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. जवळचं केंद्र बर्मिंगहॅमला आहे. जाऊ का?

इंग्लंडला कोर्सला गेलेल्या इतरांनी बायकांना स्वेटर आणले, अत्तरं आणली. माझ्या नवऱ्यानं एवढं मोठं कपाट आणलं. आणलंस ते आणलंस, निदान चालायला हवं. ढोल फिरतो, दिवा लागतो, वरच्या मजल्यावर सुजाताला समजेल इतका आवाज होतो, आणि तासाभरानं दार उघडावं तर आत चादरी जशाच्या तशा ओल्या. इथं अकरा दिवस ऊन नाही. दोरीवर टाकलेलं कापड संध्याकाळी सकाळपेक्षा जड लागतं. बाजारातला दुकानदार मला म्हणतो, "मॅडम, फॉरेन की चीज है, धूप में रख के देखो." धूप कुठं आहे ते त्याला विचारायला हवं होतं. धुणं मात्र हल्ली फार वाढलंय.

शेवटी सुजातानंच माणूस सुचवला. तिचा गीझर त्यानंच दुरुस्त केला होता. नछत्तर सिंग नाव. मुल्लानपूरहून रोज सायकलनं इंडस्ट्रियल एरियात येतो, तिथं हीटरच्या कॉइली बनवतो. पन्नाशीचा असेल. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आज दुपारी आला, पाठीमागचा पत्रा काढला आणि सेलवर लागणारा छोटा दिवा तारांनी एकेका जागी लावून बघितला. कॉइलीला लावला तर दिवा लागला. कॉइलीजवळच्या एका बटणाएवढ्या तुकड्याला लावला तर लागला नाही. "बीबीजी, कॉइल ठीक है. ये थर्मोस्टेट उड़ गया. पर ये अपने आप नहीं उड़ता. इसकी गरम हवा कहां से निकलती है?"

म्हटलं, भिंतीतल्या पाइपातून बाहेर.

"रास्ता साफ है?"

हो म्हटलं. तसा तुकडा त्याच्या कारखान्याशेजारी मिळतो, उद्या सकाळी नऊला घेऊन येतो म्हणाला. बघू या. निदान त्यानं मशीन उन्हात ठेवायला सांगितलं नाही.

कानटोपी घालत जा.

तुझी,
रागिणी


१३ जानेवारी

प्रिय जयंत,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरमालकांच्या हॉलमध्ये सात माणसं बसली होती आणि सातही जण माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यामुळे मी फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणाले. तुला वाटलं असेल मी घाबरलेय. मी घाबरलेली नाही, मी भयंकर चिडलेली आहे.

झालं ते असं. नऊ तारखेला संध्याकाळी सुजाता विरजण न्यायला खाली आली. मशीनचं पोट उघडं दिसल्यावर बघायला वाकली. मागे नछत्तर सिंगचा तो डबा होता. पितळी, न्याहारीचा असतो तसा. आत तीन सेल सायकलच्या ट्यूबनं बांधलेले, त्यातून एक लाल आणि एक काळी तार. "रागिणी, हे काय आहे?" असं तिनं ज्या आवाजात विचारलं तो आवाज तू ऐकायला हवा होतास. मी सांगायला लागले की मेकॅनिकचा आहे. ती म्हणाली, "म्हणजे तो गीझरवाला सरदारच ना? तुझी खात्री आहे? घरात पोर आहे तुझ्या." आणि मी उत्तर देईपर्यंत ती वर जाऊन पोलिसांना फोन करून मोकळी झाली.

मग सगळी गल्ली रिकामी केली. दोन तास समोरच्या मैदानात, धुक्यात. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस सूद खुर्चीसकट उचलून आणल्या. मिनू माझ्या शालीत. शेवटी पोलिसांच्या माणसांनी डबा उघडला. तीन सेल, टॉर्चचा एक दिवा, दोन हात तार आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. एक हवालदार हसला. मला वाटलं, संपलं.

संपलं कसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता नछत्तर सिंग आला. सायकल भिंतीला लावली, बेल वाजवली, खिशात नवा थर्मोस्टॅट. आणि माझ्या दारातून त्याला उचलून चौकीत नेलं. मला सांग जयंत, वाईट हेतूनं डबा ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच घराची बेल वाजवतो का? एवढी साधी अक्कल एकालाही नसावी? मी विचारलं तसं. इन्स्पेक्टर म्हणाला, "मॅडम, आप लोग भोले हो." मला म्हणतो भोळी.

आज चौथा दिवस. म्हणतात चौकशी चालू आहे. त्याला भाऊ किती, पुतणे कुठं असतात, गुरुद्वाऱ्यात कोण येतं. आणि ड्रायर? त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारला नसेल. वर सुजाता सगळ्यांना सांगतेय की तिच्यामुळे गल्ली वाचली. कशापासून वाचली? गुळापासून?

त्याची बायको रोज येते. मुल्लानपूरहून चालत येत असावी. चौकीत उभं करत नाहीत, म्हणून माझ्या फाटकासमोरच्या गटारावरच्या पुलियावर बसते. काही मागत नाही, नुसती बसते. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मी काय करू शकते? त्यानं डबा विसरायला नको होता, एवढंच. मला जे विचारलं त्याचं मी त्या संध्याकाळी उत्तर दिलं आणि त्यांनी लिहिलं त्याखाली सही केली. माझं काम संपलं.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. मिनू ऑक्टोबरपासून परत गादी ओली करते. बाजारात तो स्फोट झाला त्या आठवड्यापासून. डॉक्टर म्हणाले, रागावू नका, बोलू नका, फक्त कोरडं ठेवा. म्हणून त्या ड्रायरची एवढी घाई. तुला तिथं बसून काळजी नको म्हणून लिहिलं नाही.

रागिणी


१७ जानेवारी

जयंत,

तुझं पंधरा तारखेचं पत्र मिळालं. 'काही लिहून देऊ नकोस, कुठं सही करू नकोस, मार्चमध्ये माझं विंग कमांडरच्या बढतीचं बोर्ड आहे, आपण यात पडायचं नाही.' चार वेळा वाचलं. तुझा राग आला. पण तुझ्यावर रागावणं मला आता शोभत नाही, कारण तू जे सांगतोस तेच मी तुझ्या आधी केलं होतं. आपण यात पडायचं नाही, हे मी नऊ तारखेलाच ठरवलं होतं. आता नीट सांगते. मध्ये अडवायला तू इथं नाहीस, ते एका अर्थी बरं आहे.

नछत्तर सिंग डबा विसरला नव्हता.

निघताना त्यानं तो माझ्यासमोर मशीनमागे ठेवला. म्हणाला, "बीबीजी, ये यहीं रहने दो. शाम को नाके पे तारें और सेल देख लिए तो रात भर बिठा लेंगे. मैं किस किस को समझाऊंगा? सवेरे आके लगा दूंगा." आणि हात लावू नकोस म्हणून मिनूला बजावलं, "पुत्त, हत्थ नहीं लाणा." मी म्हटलं, बरं. मला त्याची दया आली होती. कीवच म्हण. आपल्याला कुणी नाक्यावर थांबवत नाही, ही आपली थोरवीच असल्यासारखं मी त्याला 'बरं' म्हटलं.

आणि तीन तासांनी सुजातानं विचारलं, खात्री आहे का. जयंत, मला खात्री होती. एक क्षण मात्र नव्हती. तिनं 'सरदारच ना' म्हटलं आणि माझ्या मनात आलं, आपण त्याला ओळखतो तरी कुठं? तेवढ्या एका क्षणात ती जिना चढून गेली होती. मी तिला हाक मारली नाही.

त्यानंतर तर काही बोलण्याची सोयच राहिली नाही. मिसेस सूदना खुर्चीसकट उचलून आणलेलं. डबा उघडला, सगळे चिडलेले, थंडीनं काकडलेले. इन्स्पेक्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, "वो बता के छोड़ गया था या बिना बताए?" हो म्हणाले असते तर मग दोन तास गप्प का होतीस असं गल्लीनं विचारलं असतं. मी म्हणाले, "मुझे कुछ नहीं मालूम." त्यांनी लिहिलं, 'बिना बताए छोड़ गया.' मी सही केली. ठळक, पूर्ण नावाची. त्या एका ओळीवर त्याला आठ दिवस आत ठेवलं. पोलिसांना बिनडोक म्हणणारं माझं मागचं पत्र तुझ्याकडे असेल. त्यांना मी जे दिलं त्यावर ते चालले.

पाइपाबद्दलही मी खोटंच बोलले. तो मीच बंद केला होता. नोव्हेंबरात सगळीकडे बेवारस ट्रान्झिस्टर आणि पिशव्यांत बॉम्ब सापडल्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तळमजला आपला, भिंतीला बाहेरून एवढं भोक. कुणीही आत काही सरकवेल म्हणून तुझा जुना मफलर आणि गोधडीचा कापूस त्यात ठासून वर वीट बसवली. गरम हवा कोंडली आणि तो तुकडा जळला. नछत्तर सिंगनं दोन मिनिटांत ओळखलं होतं. 'रास्ता साफ है?' असं त्यानं विचारलं तेव्हा मी लाजले, कारण ते भोक मी कुणाच्या भीतीनं बुजवलं होतं ते त्याच्या तोंडावर कसं सांगणार?

आज दुपारी तुझं पत्र आलं तेव्हा मिनू खिडकीशी उभी होती. पडदा बाजूला करून पुलियावरच्या बाईकडे बघत होती. मला म्हणाली, "मम्मी, अंकल ने तो बोला था ना डिब्बा यहीं रहेगा. तुमने पुलिस अंकल को बताया क्यों नहीं? भूल गई थी?" तिला खरंच वाटत होतं की मी विसरले. तिला मी काय सांगू? विसरले म्हणू?

मी चपला घातल्या. मिनूला मिसेस सूदकडे ठेवलं. बाहेर येऊन त्या बाईला म्हटलं, "चलिए मेरे साथ." तिनं कुठं असं विचारलं नाही.

इन्स्पेक्टरनं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं तेव्हा कप खाली ठेवून म्हणाला, "मैडम, झूठा बयान आपने दिया, ये आप लिख के दोगी? साहब की नौकरी का सोचा है? ये काग़ज़ ऊपर जाएगा." मी म्हटलं, स्वतःचा विचार करून मी काय करते ते नऊ तारखेला बघितलंत ना, आता कागद द्या. दोन पानं लिहिली. हिंदीतली माझी शुद्धलेखनाची बोंब तुला माहीत आहे, पण समजेल असं लिहिलं.

तिन्हीसांजेला त्याला सोडलं. पगडी डोक्यावर नव्हती, कापडाची घडी हातात होती. चष्मा नव्हता. पायऱ्या उतरताना बायकोनं त्याचा दंड धरला. मी पुढं झाले, हात जोडले, माझं चुकलं म्हटलं. पुढं काय झालं असेल असं तुला वाटतं? तो चिडला नाही की त्यानं मोठं मन दाखवलं नाही. चष्म्याशिवाय मी कोण ते त्याला आधी दिसलंच नाही. आवाजावरून ओळखलं. "बीबीजी," तो म्हणाला, "आप को अब क्या बोलूं. मेरी बात तो आपने उस दिन भी सुनी थी." आणि दोघं गेले. रिक्षा मी थांबवली होती, ती त्यांनी घेतली नाही.

आता तुझ्याबद्दल. तो कागद वर जाणार आहे. तुझ्या सी.ओ.साहेबांपर्यंत जाईल, कदाचित बोर्डापर्यंतही. तू चिडशील. तुला न विचारता केलं म्हणशील, आणि ते खरं आहे. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी मोठ्या आनंदानं तुझं ऐकलं असतं. तुझ्या आड लपायला मला किती बरं वाटलं असतं ते माझं मलाच माहीत आहे. बोर्डाचं जे काही होईल त्याचा दोष माझ्या नावावर टाक. मी नाही म्हणणार नाही.

फक्त एक कर. तिथं कुणी ना कुणी तुला बोलावून विचारेल. गोड आवाजात विचारेल, तुला सुटायला वाट ठेवून विचारेल, की मिसेस खांबेटे घाबरल्या होत्या का, त्यांच्यावर त्याच्या गावातल्या लोकांचा दबाव आला का, त्या बाईनं फाटकाशी बसून त्यांना हैराण केलं का. तिथं 'असेल' म्हणू नकोस. तुझ्या एका 'असेल'वर ते त्याला परत आत नेतील. तुमची बायको पहिल्या जबाबात खोटं बोलली होती का, असं विचारलं, तर 'हो' म्हण.

रागिणी जयंत खांबेटे