डावीकडे वळताना येणारा आवाज

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गाडीखाली आडवा होऊन पाठ धरली आहे, तेव्हा आजचा मनातूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी करमतं का? इकडे सगळं ठीक, म्हणजे माणसं ठीक. तुमच्या गाडीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. मामी गेल्यावर तुम्ही ती आम्हाला देऊन टाकलीत, ते उपकार मी विसरलेलो नाही. गाडी विसरूच देत नाही.

झालं असं, की डावा सिग्नल दिला की तो धाप लागल्यासारखा भराभर उघडझाप करतो. उजवा अगदी शांत. तेही चालवून घेतलं असतं. पण डावीकडे वळलो की माझ्या मागच्या रिकाम्या सीटवरून 'ठक्' असा आवाज येतो, कुणाचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटावं तसा, आणि मग एक सुस्कारा. (बायको म्हणते, सुस्कारा सीटच्या फोमचा. तरी ती हल्ली आरशात बघत नाही.) मी डिकी रिकामी केली, जॅक काढला, स्टेपनी काढली, तर रिकाम्या गाडीत आवाज आणखीच स्पष्ट झाला. भर दुपारी, गजबजलेल्या रस्त्यावर अंगावर काटा यायचा. शेवटी मी डावीकडे वळणंच सोडलं. डावीकडे जायचं तर तीनदा उजवीकडे वळायचं! ऑफिसात साहेबांना हे कारण सांगून पाहिलं, त्यांनी मला रजा घ्यायला सुचवलं.

मग गाडीचा इलेक्ट्रिशियन गाठला. तोंडाची टकळी बंद न होणारा माणूस. म्हणाला, "सिग्नल घाई करतोय म्हणजे सर्किटमध्ये एक दिवा कमी आहे." पुढचा, मागचा, बाजूचा, डावीकडचे सगळे दिवे तर लागत होते. मग कमी कोणता? त्याने पायाखालचं कार्पेट उचललं, तर सिग्नलला जोडलेली एक जादा वायर निघाली. ती गेली होती ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर, मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तिथे इवलासा होल्डर, बल्ब काढून घेतलेला. डाव्या सिग्नलची उघडझाप करणारी डबीही म्हणे वेगळी, या जादा दिव्याच्या हिशेबानेच बसवलेली. त्याने स्वतःजवळचा बल्ब लावला आणि एकटाच चक्कर मारायला गेला. परत आला तो मुका होऊन. सिग्नल संथ झाला होता, ठक् बंद. उतरून त्याने मागचं दार उघडलं, कुणी उतरेपर्यंत थांबावं तसा थांबला आणि हळूच लावलं. "वायरिंगचं झालं," म्हणाला. "मागच्या सीटचं काम मी करत नाही."

नंतर मी स्वतः पाहिलं. सिग्नल दिला की दिवा लुकलुकतो, आणि मागच्या दारावरची धरायची मूठ आपोआप खाली येते. वळण संपलं की वर जाते. आरशात कुणीही नसतं.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी तिथंच बसायची, दादाच्या बरोब्बर मागे. आरशात तोंड दिसायला नको म्हणून." तुम्हा दोघांचा अबोला साऱ्या नात्यात गाजलेला. (कारण कुणालाच आठवत नाही, चूक दुसऱ्याची होती एवढं मात्र तुम्हा दोघांना पक्कं आठवत होतं.) वळण येतंय एवढंही तुम्ही तोंडाने सांगितलं नाहीत, पण डावीकडे वळताना तिचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून वायर ओढलीत! मला आधी हसू आलं मामा, मग हसवेना.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. वरचं फारसं मनावर घेऊ नका. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फोमच असेल.

आणखी एक ता. क. काल बल्ब काढून पाहिला. वळणाआधी मीच मोठ्याने म्हणालो, "मामी, डावीकडे वळतोय हं, धरून बस." मूठ जागची हलली नाही. ठक्. पुढच्या वळणाला पुन्हा सांगितलं, पुन्हा ठक्. तिला ते माझ्याकडून ऐकायचं नाहीये, मामा. रविवारी गाडी घेऊन येतो. चालवायची तुम्ही. तुम्ही काढून नेलेला बल्ब मात्र घरीच राहू द्या.