वाटेचा हक्क

मंगळवार, संध्याकाळ. दिवेआगर

कॉलेजात ज्या सरांनी मला कायद्याचं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यांच्याकडे आज वकील म्हणून गेलो. वादळात समुद्राकडची जुनी वाट गेली, तेव्हापासून कोळणी सरांच्या नारळाच्या वाडीतून जातात. आता सरांच्या मुलाला तिथे होमस्टे काढायचाय. त्याच्या सांगण्यावरून वाट बंद करायची नोटीस मीच लिहून नेली होती.

सरांनी ती दोनदा वाचली. "कायद्यात बसते," म्हणाले आणि ती बाजूला ठेवली. कायद्यात बसणं वेगळं, योग्य असणं वेगळं, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

तेवढ्यात टोपली घेऊन हिराबाई कोळीण आली. "सर, वाट बंद करनार, खरं हाय?"

"नाही."

"उपकार झाले तुमचे."

सर एकदम चिडले. "उपकार कसले? मी मेलो की संपले! वकीलसाहेब, हिला हक्क लिहून द्या."

शेजारी बसलेला मुलगा उठून आत गेला. मी नोटीस फाडली. बरं वाटलं का? माहीत नाही.

वाटेच्या हक्काचा मसुदा आत्ता झाला. त्यात सवयीने दोनदा 'परवानगी' लिहिलं, दोनदा खोडलं.