तीच तीन अक्षरं

३ मार्च

पीसीडी! डॉक्टरबाईंनी कागदावर एवढंच लिहिलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या प्रयोगशाळेत ही अक्षरं डब्यांवर, फ्रिजच्या दारावर, सगळीकडे. तिथे अर्थ एकच — पेशीने ठरल्याप्रमाणे मरणं. आणि इथे शेजारी भिंगरी, पाय हलवत, खोकत.

"काय मरतंय हिचं?" — निघून गेलं तोंडातून. लेकीसमोर!

बाई गोंधळल्याच. मग समजावलं. दवाखान्यात पीसीडी म्हणजे वेगळंच. श्वासनलिकेत सूक्ष्म केस असतात, कफ वर ढकलणारे. हिचे जन्मापासून नीट हलतच नाहीत. म्हणून सात वर्षं हा खोकला, सारखं ते कान दुखणं. "तपासणी करू, पण मला हेच वाटतंय."

हुश्श झालं. हसलेसुद्धा! जिना उतरेपर्यंत टिकलं ते. मग औषधाचं विचारलंच नाही हे लक्षात आलं, तशीच परत वर गेले.

"केस हलवणारं औषध नाही हो अजून," बाई म्हणाल्या.

४ मार्च

वेणी घालताना — "आई, माझं काय मरतंय?"

"काही नाही गं."

"मग तू असं का विचारलंस?"

वेणी सोडली, पुन्हा घातली.

९ मार्च

पाठ थोपटायला शिकलो. हाताचा द्रोण पालथा करायचा, खालून वर जायचं, कफ सुटेपर्यंत. रोज दोनदा. नेहमीसाठी. नवरा इतका हळू थोपटतो की भिंगरी म्हणाली, "बाबा, तू मला झोपवतोयस!" मी जोरात मारते. कफ निघतो. मग ती रडते, मग मी.

"निदान नाव तरी कळलं," नवरा म्हणतो. त्या नावाचं काय लोणचं घालू?

१२ मार्च

प्रयोगशाळेत सरांनी विचारलं, "पीसीडीचे आकडे कधी देताय?"

"रोज सकाळी दोन चमचे कफ," मी म्हटलं.

बिचाऱ्यांनी खुर्ची पुढे केली. सगळं सांगितलं त्यांना, नाक पुसत पुसत. काचेखाली मरायला निघालेल्या पेशी मी एका थेंबाने मागे फिरवते — तोच तर माझा प्रयोग. आणि घरी एक केस हलवता येत नाही!

२० मार्च

निकाल आला. तेच.

२३ मार्च

ताप. शाळा नाही. पाठ, वाफ, पाठ. भिंगरी उशी पुढे ओढून स्वतःच पालथी झाली. "मार गं," म्हणाली. हात उचलवेना.

६ एप्रिल

गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा. बाईंना फोन केला. "दर बाळाला हेच होण्याची शक्यता चारात एक," म्हणाल्या. बाहेर नवरा भिंगरीला थोपटतोय, दोघं कशावर तरी खिदळताहेत. न्हाणीघराच्या दाराची कडी काढली नाहीये अजून.