फुजैरा ते मुंबई: माझे पाच वॉच

२ डिसेंबर, फुजैरा
उद्या निघणार. बॉसची शिडाची यॉट मुंबईला पोचवायची. कॅप्टन ओवेस, मूळचा दाभोळचा. क्रू मी. अबूधाबीच्या सेलिंग क्लबला फॉर्मवर कॅप्टनची सही हवी: 'पाच वॉच एकट्याने केले.' वॉच म्हणजे पहारा. सही मिळाली की मेंबरशिप. मराठी मंडळातलं भाषण आधीच लिहून ठेवलंय. लेक, केया, म्हणाली, "बाबा, यू गेट सिक इन अ‍ॅन आब्रा." क्रीकमधल्या होडीचं मला सांगते.

३ डिसेंबर
निघालो. दोनदा उलटी. ही सी-सिकनेस नव्हे, कालचा शावर्मा. वाऱ्याकडे तोंड करून ओकल्यामुळे सगळी परत अंगावर आली. ओवेसने बादली आणून ठेवली. आगाऊपणा.

४ डिसेंबर
शी! गादी ओली, उशीला डिझेलचा वास. संडासाला हाताने वीस पंप मारायचे, तरी गेलेलं परत वर येतं. त्याच हवेत ओवेस सुकट भाजतो आणि मिटक्या मारत खातो. मला बघूनच भडभडून आलं. (शावर्मा अजून आहे.) उद्यापासून डेकवर सूर्यनमस्कार.

५ डिसेंबर
डेक हलतं. सूर्यनमस्कार मुंबईत.
वॉच पहिला, संध्याकाळी सहा ते आठ. यॉट ऑटोपायलटवर, मी नजर ठेवायची. ओवेसला झोपायला पाठवलं. दिवा दिसला की हाक मारा, असं मलाच सांगून गेला. प्रोक्युरमेंटमध्ये बावीस वर्षं काढलीत मी.

६ डिसेंबर
वॉच दुसरा. अर्धा तास डोळे मिटून वाऱ्याचा अभ्यास केला. ओवेसचे ओले मोजे माझ्या नाकासमोर वाळत होते. किळसवाणा माणूस.

७ डिसेंबर, संकष्टी
उपास. तोही समुद्रावर. अ‍ॅपवर अबूधाबीचा चंद्रोदय आठ वीसचा. पण आपण पूर्वेला, म्हणजे लवकर दिसणार. गणित करून सात दहा काढले.
सात अकराला पूर्वेला नारिंगी उजेड. नमस्कार केला, अर्घ्य सोडलं, खाली जाऊन बायकोने, प्रमिलाने, दिलेले तळणीचे मोदक काढले. तिसऱ्या मोदकाला यॉट एकदम कलंडली. मी आडवा, मोदक संडासाच्या दारात.
वर आलो तर ओवेस सुकाणूच्या चक्राला लटकलेला आणि शेजारून दिव्यांनी झगमगलेला ट्रॉलर चाललेला, इतका जवळून की त्याच्या मासळीची घाण तोंडात गेली. वरचा माणूस आम्हाला शिव्या देत होता.
चंद्र पावणेआठला उगवला. मी बघितला नाही.

८ डिसेंबर
चूक ट्रॉलरची. इतके दिवे लावतात का? ओवेस काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही पटलं. विषय खलास. तिसरा वॉच धरायचा. मी हजर होतो.

१० डिसेंबर
चौथा काल, पाचवा आज. दोन्ही एकट्याने. भाषणात ट्रॉलरऐवजी वादळ घातलंय.

१३ डिसेंबर, मुंबई
पोचलो. फॉर्म ओवेसपुढे धरला. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "साहेब, खोटं नाही लिहिता येणार. पाचही वॉचला मी डेकच्या पुढच्या झडपेतून डोकं काढून बसलो होतो."
मग झोपलास कधी, विचारलं. म्हणाला, "दुपारी, तुम्ही बादलीजवळ असायचात तेव्हा."
मला कसा दिसला नाहीस, असं जरा चढ्या आवाजात विचारलं.
"समोर बघितलं असतंत तर दिसलो असतो, साहेब."
लाज वाटली. त्याने सही मात्र केली, 'एकट्याने' या शब्दावर रेघ मारून. वर, माणूस चांगला आहे, असंही स्वतःहून लिहिलं. क्लबच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही.
केयाचा सकाळपासून तिसरा मेसेज: "डिड यू डू इट?"