बिननावाचा कॉलम

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा. खोली छोटी, पण खिडकी आहे आणि गादी नवीकोरी. माझ्यासोबत फोर्कलिफ्टवाला राहतो. डोक्यावर औषधालाही केस नाही म्हणून सगळे त्याला टकलू म्हणतात, आणि तोही खुशाल ओ देतो. आईला फोन केला, सांगितलं मजेत आहे, जेवलो. ही डायरी ताईने निघताना हातात कोंबली. म्हणाली, शाळा सोडलीस तशी अक्षरं तरी सोडू नकोस. जाकिटाच्या आतल्या खिशात बरोबर मावते.

काम मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, क्रेट उचलायचं. पण मला मोबाइल बरा चालवता येतो हे कळलं आणि ऑफिसच्या मॅडमनी सकाळचा रिपोर्टही माझ्याच गळ्यात मारला. आठवी नापास गडी चाकाच्या खुर्चीवर! दोन गिरक्या घेतल्या.

मंगळवार, ५

मॅडमनी रिपोर्ट शिकवला. कोणी कुठल्या खोलीत किती क्रेट लावले, हे यादीत एकाखाली एक असतं. मशीन ती यादी फिरवून पसरून देतं. आडव्या ओळी खोल्यांच्या, उभे कॉलम माणसांचे. याला पिव्हट म्हणतात. मशीन आपल्या मनाने कॉलम बाराखडीप्रमाणे लावतं. म्हणून प्रत्येक नावापुढे एक नंबर द्यायचा आणि मशीनला सांगायचं, बाबा रे, या नंबरानेच चाल.

नंबर पाळीसाठी. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर ज्याचा कॉलम पहिला, तो आतल्या खोलीत. तिथली थंडी हाडं फोडते. ज्याचा दुसरा, तो तिचं दार धरून उभा, कारण दाराची आतली कडी तुटलेली आहे. सोडलं की दार आपोआप बंद होतं. रोज नंबर सरकवायचे, म्हणजे कोणाची कुरकुर नको.

गुरुवार, ७

आज रिपोर्ट काढला तर सगळ्यांच्या डावीकडे एक जास्तीचा कॉलम. वर नाव नाही. आतल्या खोलीच्या ओळीत आकडा. मॅडम म्हणाल्या, जुन्या माणसाचं नाव यादीतून काढलंय, पण त्याने लावलेले क्रेट राहिलेत. नाव नाही, नंबर नाही, आणि बिननंबरवाल्याला मशीन सगळ्यांच्या आधी बसवतं. लपव आणि पुढे चल. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

जेवताना टकलूला विचारलं. तो माणूस म्हणजे काका. वयाने मोठा म्हणून सगळ्यांचाच काका. आतल्या खोलीत गारठून गेला, त्या दिवशी तो पहिला होता आणि आमचा मुकादम दुसरा. मुकादम दार सोडून फोनवर बोलायला गेला आणि विसरला. कागदावर आलं की चूक काकाची. कडी अजून तशीच.

शनिवार, ९

मी सगळ्यांसमोर विचारून बसलो की मुकादमसाहेबांचा नंबर काकानंतर कायम शेवटचा कसा. पोरं हसली. मुकादम नाही हसला. बोटातली जाड अंगठी फिरवत म्हणाला, हे अंगठाबहाद्दर आता आम्हाला हिशेब विचारणार. मग माझ्या खांद्यावरून वाकून त्याने स्वतः माझ्यापुढे एक टाइप केला आणि स्वतःपुढे दोन.

मी आत गेलो. त्याने दार सोडलं. गंमत म्हणून.

मी ओरडलो, लाथा मारल्या. अंधारात माझ्या शेजारून अजून कोणीतरी दार ठोकत होतं. माझे दोन्ही हात काखेत होते.

दार उघडलं तेव्हा तो बाहेर पोट धरून हसत होता. माझी बोटं पांढरीफटक. त्यातल्या एकाची जाण अजून आलेली नाही.

रविवार, १०

टकलू म्हणतो, सोडून दे, पोटावर पाय येईल. नाही सोडणार. आईची शपथ, नाही सोडणार.

सोमवार, ११

आज मोठे साहेब बघायला आले. मुकादम त्यांना ऐटीत सांगत होता, इथे स्क्रीन सांगेल तेच, लहानमोठा कोणी नाही. मी रिपोर्ट लावला. पहिला मुकादम. दुसरा मी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब कौतुकाने म्हणाले, जा की मग. जाताना त्याने माझ्याकडे असं बघितलं, की नंतर सोलून काढतो.

साहेब चहाला वर गेले. पोरं आपापल्या खोल्यांत.

मी म्हटलं, काका, घ्या.

आणि हात सोडला.

बाहेर उभा राहून ऐकलं. अंगठी दारावर वाजत होती. मग वाजायची थांबली.

मंगळवार, १२

सगळे म्हणतात, दारच खराब. मी मान हलवली. काल दगडासारखा झोपलो. बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.

गुरुवार, १४

मॅडमनी मुकादमाचं नाव यादीतून काढलं. बिननावाचे दोन कॉलम येतील असं वाटलं होतं. एकच आला. मशीन दोघांना एकातच घालतं.

आतली खोली परवापासून बंद आहे. तरी त्या ओळीतला आकडा आज वाढलाय.

शुक्रवार, १५

माझा नंबर कोणीतरी पुसतंय. भरतो, सेव्ह करतो, परत रिकामा. मी सगळ्यांच्या आधी. मॅडम म्हणतात, तुझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. टकलू आता माझ्याशी नीट बोलत नाही. त्याने एवढंच विचारलं की त्या दिवशी दारावर तूच होतास ना.

शनिवार, १६

गाडी लागली आहे, माल आतल्या खोलीत आहे. नाही म्हटलं तर साहेब कारण विचारतील. पहिला मी, दुसरा टकलू. त्याच्या हातापाया पडलो, दार सोडू नकोस. बरं म्हणाला.

आत शिरताना मागे वळून स्क्रीन बघितली. आम्हा दोघांच्या मध्ये बिननावाचा कॉलम. त्याला नंबर नसतो. तो नेहमी पहिला येतो, दुसरा कधीच —

कोणीतरी त्याला नंबर दिलाय. दोन.

लिहितोय म्हणजे हात हलता राहील. दार उघडं आहे, फट दिसतेय, उजेड आहे. टकलूला हाक मारली. ओ आली, पण लांबून. गाडीकडून. म्हणाला, मला सुट्टी दिली ना, दारावर दुसरा आलाय —

दाराच्या कडेला बोटं दिसतात. पांढरी. त्यांच्या खाली अजून एक हात. अंगठी —

काका, मी तुमच्यासाठीच केलं. खरं सांगतो, तुमच्यासाठी —

हसतंय कोणीतरी. पोट धरून —

फट बारीक होत