नव्वद लिटर

प्रिय ठमे,

इथे टेकाडावर चढलं की फोनला रेंज येते, अगदी खणखणीत येते. तरी पत्रच लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. उगाच तोंड वाकडं करू नकोस, माझ्यावरच गेलीयेस त्या बाबतीत.

आम्ही मजेत आहोत, हे आधी सांगते. दोन दिवसांत कंटाळून परत याल म्हणाली होतीस ना? आज आठवा दिवस आहे. मोकळ्या माळावर आमची एकटी गाडी, तेच आमचं फिरतं घर, जवळपास ना नळ, ना विजेची तार. छपरावरच्या सोलरवर दिवा-पंखा चालतो. पाणी मात्र टाकीत असेल तेवढंच, नव्वद लिटर, आणि त्यात दोघांनी दहा दिवस काढायचे. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलेल्या नर्सला कुणी शिस्त शिकवू नये. ताटं आधी रद्दी कागदाने पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीने चार फवारे मारले की लख्ख. अंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं आणि वरून दोन मग पाणी. गरम पाणी येईपर्यंत जे गार वाहून जातं ते बाटलीत धरायचं, भांडी विसळलेलं संडासात ओतायचं. बाबांनी तर दाढी करणंच सोडलंय. रुबाबदार दिसतात, पण त्यांना तसं सांगितलेलं नाही, उगाच चढून बसतील.

आता आपल्या भांडणाकडे येते. तू त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ बाबांच्या नावाने घेतलीस तेव्हा मी तुला नाही नाही ते बोलले. तुझं काही चुकलं नव्हतं. तीनदा तू घरी आलीस आणि तिन्ही वेळा स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, माझ्याकडूनच राहिला वाटतं. बस डेपोत ज्या माणसाने जन्मभर नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखला, तो नळ विसरतो हे माझ्या पचनीच पडेना. म्हणून मी तुझ्याशी पैज मारली. दहा दिवस एका टाकीवर राहून दाखवतो. मोजक्या पाण्यात विसरभोळेपणा लपत नाही. जमलं तर डॉक्टर रद्द, नाही जमलं तर मी स्वतः त्यांना घेऊन येईन आणि गाडीही विकून टाकू.

तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी बघते तर टाकीचा काटा अर्ध्याच्या खाली. मी वाकून सांडपाण्याची टाकी उघडली. ती काठोकाठ भरलेली, आणि पाणी कसं, तर नितळ! साबणाचा फेस नाही की खरकटं नाही. म्हणजे कुणीतरी नळ उघडा टाकला होता. आणि घाबरले की मी काय करते ते तुला माहीतच आहे, मी बाबांवर तोंडसुख घेतलं. लहान मुलासारखे उभे राहिले माझ्यासमोर. राहिला असेल, म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपल्या वाट्याची अंघोळ बंद केली. मला वाटलं, खजील झालेत. मग मी नजर ठेवायला लागले. ते आत गेले की पाच मिनिटांनी मी आत, नळ बघायला. प्रत्येक वेळी घट्ट बंद.

आज सकाळी ते दुर्बीण घेऊन टेकाडावर पक्षी बघायला गेले. मी बाहेर खुर्ची टाकून मटार सोलत बसले होते. गाडीतून पाण्याच्या पंपाची घरघर ऐकू आली. म्हटलं, सापडले एकदाचे. तावातावाने उठले, आणि समोर पाहिलं तर बाबा वर टेकाडावर, दुर्बीण डोळ्याला लावून. आत गेले. नळ सोडलेला होता. आणि माझे हात कोपरापर्यंत ओले होते. थिएटरमध्ये धुवायचो तसे, कोपरापर्यंत. मी आत केव्हा गेले, हात केव्हा धुतले, मला काही म्हणता काही आठवत नाही.

बाबा खाली आल्यावर मी एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाले, "वर्ष होईल. तुझ्या मागे फिरून नळ बंद करतो मी. कधी जरा उशीर होतो, तेवढ्यात ठमी येते."

मी रडले, खोटं कशाला सांगू. पोटभर रडले. मग डोळे पुसून त्यांना सडकून झापलं, की एक अख्खं वर्ष वाया घालवलंत. आजार लपवणाऱ्या नातेवाइकांना मी जन्मभर ह्याच कारणासाठी फैलावर घेत आले आणि माझ्याच घरात हे! ते ऐकून हसायला लागले. वर्षभरात इतके मोकळे हसले नव्हते.

तर पत्र याचसाठी. उरलंसुरलं पाणी आज सकाळी वाहून टाकी रिकामी झाली, पैज मी हरले. आज गावात पाणी भरायला जाऊ तेव्हा हे पेटीत टाकते. पुढच्या सोमवारची वेळ रद्द करू नकोस, फक्त बाबांच्या जागी माझं नाव घाल. गाडी मात्र विकायची नाही. जे होईल त्याला मी तोंड देईन, पण हिंडत हिंडत. बाबांची माफी मी मागितलीये, तुझीही मागते. आणि सोमवारी तू आमच्याबरोबर आत चल. डॉक्टर काय काय सांगतील ते नीट लिहून घे. मी ऐकेनच, पण माझ्यावर विसंबून राहू नकोस.

तुझीच, पैज हरलेली,
आई