दाता घरचाच हवा असं नाही

सोलापूर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. सुबोधदादास,

नमस्कार. तू आणि श्रीलतावहिनी बरे असाल. होटगीहून येणारं कुणी भेटलं की तुमची खुशाली कळते. आईची शुगर आटोक्यात आहे. माझी प्रयोगशाळेतली नोकरी चालू आहे. बाबा आजारी आहेत. फोन केला असता, पण तू मध्ये बोलशील आणि मला सगळं क्रमाने सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला. जोरदार अँटिबायोटिक्स द्यावी लागली. छाती सुधारली, पोट बिघडलं. आपल्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. ती पचनाला मदत करते आणि उपद्रवी जिवाणूंना जागा मिळू देत नाही. औषधाने ही वस्तीही उठली आणि रिकाम्या जागेत एक वाईट जिवाणू शिरला. त्याच्यावरचं औषध चालू असेपर्यंत जुलाब थांबतात, बंद केलं की पुन्हा सुरू. असं तीनदा झालं.

त्यांचा नेम तुला माहीत आहे. शौचाला जाऊन आल्यावर अंघोळ, मग सोवळं, मगच गाभारा. दिवसातून किती वेळा अंघोळ करणार? एकदा न्हाणीतच चक्कर येऊन पडले. तेव्हापासून देवळातली पूजा काका करतात. बाबा बाहेर ओट्यावर बसतात आणि घंटेच्या आवाजावरून पूजा कुठवर आली ते ओळखतात.

देवळाबाहेर फुलं विकणारी गौरम्मा रोज दही आणून देते. "ताई, आमच्या म्हशीचं हाय. लई गुणाचं. तुमच्या गोळ्यांनी काय व्हत न्हाय की!" दही चांगलंच असतं. पण त्यातले जिवाणू पाहुण्यासारखे येतात आणि जातात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुड्यांचंही बहुतेक तसंच. बाबांना राहणारे हवे आहेत.

त्यासाठी एक उपचार आहे. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, दुर्बिणीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडतात. वाचून किळस येईल. पण असा आजार उलटतो तेव्हा औषधांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. इथले पोटाचे डॉक्टर ते करायला तयार आहेत.

बाबांना सांगताना मी "नमुना" हा शब्द वापरला.

"कसला नमुना?"

मी सांगितलं. त्यांनी अंगावरची शाल नीट केली. मग म्हणाले, "कुणाचा?"

आईचा चालत नाही, वय आणि शुगर. माझी चाचणी झाली. माझ्या आतड्यात औषधांना दाद न देणारा एक जिवाणू निघाला. मला त्याचा त्रास नाही, बाबांना होऊ शकतो. तो अहवाल माझ्याच टेबलावर तयार झाला. मी सही करून पुढे पाठवला.

"मग सुबोध," आई म्हणाली.

"त्याच्या लग्नापासून त्याच्या घरचं पाणी नाही प्यालो मी."

"प्याला असतात तर एवढ्यावर आलं नसतं."

मी आईला बाबांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत मला विचारलं, "तो तिकडे मटण खातो. ते येतं का त्यातून?"

"जिवाणू येतात, बाबा. मटण येत नाही."

ते हसले. पोट दाबून धरून, पण हसले. मग पुढचा प्रश्न, "त्यानंतर मी गाभाऱ्यात जायचं की नाही?" ते स्वतःच म्हणाले, "बघू. माणसाच्या आत तर सगळं तेच भरलेलं असतं, आणि तरी जातोच की."

आता यापुढचं. आई म्हणाली, हे लिहू नकोस, लिहिलंस तर तो येणार नाही. दाता रक्ताच्या नात्यातला लागतो असं अजिबात नाही. माझ्यासोबत काम करणारा अथर्व तयार आहे आणि त्याच्या सगळ्या चाचण्या नीट आल्या आहेत. म्हणजे तू आला नाहीस तरी उपचार होईल. "तुझ्याशिवाय बाबा वाचणार नाहीत" असं लिहून तुला बोलवता आलं असतं. तसं नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

बाबांना अथर्वबद्दल माहीत आहे. तरीही त्यांनी तुझं नाव घेतलं. स्वतःहून. मी बोलावलं असं कळवू नकोस, असंही म्हणाले. ते मी कळवलेलं नाही, असं समज.

यायचं ठरवलंस तर शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत ये. रक्त आणि शौचाचा नमुना द्यावा लागेल. गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असशील तर लपवू नकोस. निकालाला आठवडा लागेल. उपचाराच्या आदल्या रात्री इथे राहावं लागेल, कारण नमुना ताजा हवा. वहिनींनीही यावं. आईने त्यांची जागा कुठे करायची ते ठरवून टाकलं आहे, बाबांना न विचारता.

दहातल्या नऊ जणांना या उपचाराने गुण येतो. आईला मी तेवढंच सांगितलं. दहाव्याचं विचारायचं तिला सुचलं नाही. मी ते घरात कुणाशी बोललेले नाही. बाबांचं वजन फार उतरलं आहे, दादा. रात्री मोरीपर्यंत त्यांना धरून नेते तेव्हा हाताला हाडं लागतात, आणि मी त्यांच्याशी क्रिकेटच्या स्कोअरबद्दल बोलते.

तुझा नमुना चाचणीत नापास झाला तरी तू राहा.

तुझी,
ज्ञानू